शोध आणि हिशेब एकाच खिडकीत: सोलापूरच्या टॉवेल धंद्यासाठी पहिली मांडणी

"दिवाळीनंतर कलबुर्गीकडच्या कुठल्या कुठल्या पार्टीनं रंग गेल्याची तक्रार केली, आणि त्यांच्याकडं आपलं येणं किती?"

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मालकांनी हा प्रश्न चहा पिता पिता विचारला होता. उत्तराला दोन माणसं आणि दीड दिवस लागला. येणं टॅलीत होतं. तक्रारी थोड्या रजिस्टरात, थोड्या एक्सेलमध्ये आणि बाकीच्या तिघांच्या व्हॉट्सॲपवर होत्या.

अशा प्रश्नाचं उत्तर एकाच खिडकीतून मिळावं, यासाठी मोठ्या कंपन्या लाखोंची सॉफ्टवेअर घेतात. तुमच्या गळ्यात हे काम पडलं असेल, म्हणजे तुम्ही नुकतंच बीसीए झाला असाल किंवा ऑफिसात 'कॉम्प्युटरमधलं कळणारे' तुम्ही एकटेच असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एसक्यूएलमधलं सिलेक्ट, व्हेअर आणि जॉइन तुम्हाला येतं, एवढं मी धरून चालतो. तयार सॉफ्टवेअर घेतलंत तरी खालची बहुतेक कामं चुकणार नाहीत. विकणारा ती तुमच्याकडूनच करून घेईल.

आधी प्रश्न गोळा करा

कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी आठवडाभर एक वही घेऊन ऑफिसात बसा. कोण काय विचारतं ते त्यांच्याच शब्दांत लिहा. मग प्रत्येक प्रश्नाखाली दोन रंगांनी रेघा ओढा. नेमका भाग निळ्यानं: तारीख, रक्कम, पार्टी, बिल नंबर. शब्दांत सैल असलेला भाग लाल रंगानं: 'रंग गेला', 'काठ उसवला', 'माल हलका आला'.

निळा भाग डेटाबेसचा. डेटाबेस हो किंवा नाही असंच उत्तर देतो: बिल ४०,००० रुपयांच्या वर आहे किंवा नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीवर हे सगळं उभं आहे, आणि एसक्यूएल १९७४ मध्ये आयबीएममध्ये आकाराला आलं. लाल भाग सर्चचा. सर्च 'हे जास्त जुळतं, हे कमी' असा क्रम लावतो. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतलेलं ल्युसीन आणि त्याच्यावर २०१० मध्ये आलेलं इलॅस्टिकसर्च ही त्या घराण्यातली नावं. मालकांच्या प्रश्नात दोन्ही रंग एकाच वाक्यात होते, म्हणूनच दीड दिवस गेला.

सर्च आतून कसा चालतो हे कळायला आपल्या जुन्या पेढीइतका चांगला दाखला नाही. कीर्दीत नोंदी दिवसाच्या क्रमानं असतात. त्यावरून दिवाणजी खातेवार खतावणी करतात आणि नोंदीसमोर कीर्दीचं पान टाकतात. सर्चची सूची म्हणजे शब्दांची खतावणी. 'उसवला' या शब्दाच्या खात्यात तो शब्द आलेल्या सगळ्या तक्रारींचे नंबर लिहिलेले असतात, त्यामुळं पूर्ण रजिस्टर चाळावं लागत नाही. ही खतावणी रोज घातली नाही तर काय होतं, ते पेढीवर बसलेल्या कुणालाही विचारा.

माल कुठं कुठं आहे

टॅली, स्टॉकचं एक्सेल, तक्रार रजिस्टर, व्हॉट्सॲप, एलआरचे (ट्रान्सपोर्टच्या पावत्यांचे) स्कॅन, परदेशी गिऱ्हाइकांच्या ई-मेल अशी यादी निघेल. सगळं एकदम घेऊ नका. वहीतले निम्मे प्रश्न ज्या दोन-तीन ठिकाणांवरून सुटतात तेवढीच घ्या. आमच्याकडं टॅली आणि तक्रारी एवढंच पहिले दोन महिने होतं.

मग ठरवायचं की माल आहे तिथंच ठेवून प्रश्न विचारायचा, की एका जागी प्रत आणायची. पहिल्या प्रकारासाठी ट्रिनोसारखी साधनं आहेत. पोस्टग्रेएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्येही बाहेरचा डेटाबेस आपलाच टेबल असल्यासारखा जोडता येतो. पण सोलापुरातल्या बहुतेक कारखान्यांचा सगळा डेटा एका साध्या लॅपटॉपवर मावतो. रोज रात्री प्रत काढा आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये भरा. टॅलीतून ओडीबीसी (थेट जोडणी) किंवा एक्सएमएल (खुणा लावलेली मजकुराची फाइल) अशा दोन्ही वाटांनी डेटा बाहेर काढता येतो. प्रत काढल्यानं आणखी एक फायदा होतो: मार्चअखेरीला कुणी भलता प्रश्न टाकला तरी बिलिंगचा कॉम्प्युटर अडत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल मी मुद्दाम सुचवतो. मजकूर शोधण्याची सोय त्यात २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून आतच आहे, त्यामुळं लाल आणि निळे दोन्ही भाग एका प्रश्नात मावतात आणि दोन यंत्रणा जुळत्या ठेवायची कटकट राहत नाही. कागदपत्रं लाखांच्या वर गेली, सर्च करणारी माणसं शेकड्यात गेली, की इलॅस्टिकसर्च किंवा ओपनसर्चचा विचार करा.

प्रत्येक नोंदीबरोबर ती कुठून आली, मूळ नंबर काय आणि कधी आणली हे तीन रकाने ठेवाच. उत्तरावर कुणी शंका घेतली की मूळ कागद दाखवता आला पाहिजे.

पार्टी एक, नावं अनेक

व्यंकटेश, वेंकटेश, व्यंकटेश्वर, शिवाय तिन्ही इंग्रजीत. देवाच्या नावाची दुकानं सोलापूर ते हैदराबाद पट्ट्यात किती असतील याची गणती नको. नावावर जोडणी करू नका. जीएसटी नंबर वापरा. तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६) आणि पुढची १० अक्षरं पॅन. म्हणजे कलबुर्गीत एक आणि हैदराबादेत दुसरं दुकान असणारा मालक पॅनवरून ओळखता येतो. ज्यांच्याकडं जीएसटी नंबर नाही त्यांना तुमचा स्वतःचा नंबर द्या.

बिल नंबरचीही एक खोड आहे. नियमाप्रमाणं तो एका आर्थिक वर्षात वेगळा असला की पुरे. त्यामुळं १४२ नंबरचं बिल दर एप्रिलनंतर पुन्हा येऊ शकतं. वर्ष आणि नंबर मिळूनच ओळख धरा.

जीएसटी नंबर, बिल नंबर, एलआर नंबर, टॉवेलचा ६३०२ हा एचएसएन कोड (जीएसटीतला मालाचा नंबर) यांना मजकूर-सर्चच्या तोंडी देऊ नका. ते जसेच्या तसे जुळवायचे असतात. 'जवळपासचं बिल' कुणालाही नको असतं.

मराठी अक्षरं: खरा घोळ इथं

बहुतेक मार्गदर्शिका इंग्रजी मजकूर धरून लिहिलेल्या असतात, आणि आपली माणसं इथंच अडकतात. म्हणून या पायरीला वेळ द्या.

हे दोन शब्द बघा: टॉवेल, टाॅवेल. डोळ्याला जवळपास एकच. पहिल्यात 'ॉ' हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात काना आणि त्यावर वेगळा टाकलेला चंद्र. मोबाइलच्या कीबोर्डनुसार दोन्ही येतात, आणि डेटाबेसच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरमधली अक्षरांची प्रमाण पद्धत; तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, ही जोडी एक करत नाही. ती तुम्हालाच करावी लागते. तसंच 'व्यापाऱ्यांना' आणि 'व्यापार्‍यांना'. दुसऱ्यात एक न दिसणारं जोडचिन्ह लपलेलं असतं. आकड्यांचंही तेच: कुणी ३० बाय ६० मराठीत टाकतं, कुणी इंग्रजी अंकांत.

दुसरा घोळ प्रत्ययांचा. चादर, चादरी, चादरींचा हे शब्द सुरुवातीच्या अक्षरांवरून पकडता येतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये शब्दापुढं कोलन आणि तारा (:*) लावला की 'इथून सुरू होणारे सगळे' असा अर्थ होतो. 'धागा' मात्र 'धाग्याचा' होताना शेवटचा काना टाकतो, म्हणून 'धाग' एवढंच द्यावं लागतं. आणि सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचं 'सूत'! त्याचं 'सुताचा' होतं. दीर्घाचा ऱ्हस्व झाला, सुरुवातच बदलली, आणि सर्चला काही सापडलं नाही.

इंग्रजीत असलं काम स्टेमर नावाचा भाग करतो, शब्दाचे प्रत्यय कापतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १४ व्या आवृत्तीत हिंदीचा स्टेमर आला; मराठीचा त्यात नाही. इलॅस्टिकसर्चमध्येही हिंदी आणि बंगालीची तयार सोय आहे, मराठीची नाही. हिंदीचा स्टेमर मराठीला लावायचा मोह टाळा, तो आपले प्रत्यय ओळखत नाही. 'सिंपल' नावाची, प्रत्यय न कापणारी साधी मांडणी निवडा.

मग एक छोटं फंक्शन लिहा. मी त्याला 'धुलाई' म्हणतो. ते एवढं करतं:

- युनिकोड नॉर्मलायझेशन (हे पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १३ व्या आवृत्तीपासून आहे) आणि न दिसणारी जोडचिन्हं काढणं
- काना आणि चंद्र यांचा 'ॉ', 'ऱ' चा 'र'
- मराठी अंकांचे इंग्रजी अंक
- सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व

शेवटच्या कामावर शुद्धलेखनवाले नाराज होतील. पण साठवलेला मजकूर तसाच राहतो, धुतलेली प्रत फक्त सूचीसाठी असते. आता 'सूत' आणि 'सुताचा' दोन्ही 'सुत' ने सुरू होतात. सोबत 'सुतळी' आणि 'सुतार' हेही येतील, येऊ द्या. हीच धुलाई विचारणाऱ्याच्या शब्दांवरही चालवायची, नाहीतर धुतलेल्या मालात मळलेला शब्द शोधत बसाल. इलॅस्टिकसर्च वापरत असाल तर त्यातला इंडिक नॉर्मलायझेशन नावाचा फिल्टर काना-चंद्राची जोडी स्वतः जुळवतो.

जुनी कोटेशन श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील तर ती नोटपॅडमध्ये उघडा. रोमन अक्षरांची गिचमिड दिसली, तर तिथं मराठी मजकूर आहे हे कॉम्प्युटरला माहीतच नाही. आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा आणि दहा-वीस फाइली डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं बिघडतात.

'रंग गेला' किती तऱ्हांनी जातो

तक्रारीचा फोन उचलणाऱ्या ताईंच्या शेजारी मी दोन दिवस बसलो. रंग गेला, रंग उतरला, रंग सुटला, कलर गेला, पाण्यात कलर सोडतोय. आणि शेवटी अस्सल सोलापुरी: 'रंग जालालाय'. हे कुठल्याही तयार शब्दकोशात सापडायचं नाही. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या पार्टीची तक्रार ताई मराठीत उतरवतात, तेव्हा त्यांचे शब्द आणखी वेगळे असतात.

यासाठी दोन रकान्यांचं टेबल करा: एकीकडं तक्रारीचा प्रकार, दुसरीकडं माणसं वापरतात ते शब्द. विचारणाऱ्यानं 'रंग गेला' टाकलं की त्या प्रकारातले सगळे शब्द 'किंवा' लावून शोधायचे. हे टेबल ताईंच्या ताब्यात द्या. तुमच्यापेक्षा त्या ते चांगलं वाढवतील.

इथं दोन ठेचा मला लागल्या. 'उतर' ने सुरू होणारं सगळं मागितलं तेव्हा 'माल उतरवून घेतला' आणि हमालीची 'उतराई' ढिगानं आली. म्हणून 'रंग' आणि 'उतर' लागोपाठ असावेत अशी अट घातली. लागोपाठ शब्दांचा शोध पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१६ च्या ९.६ पासून आहे. दुसरी ठेच 'जा' ची. 'रंग जा' म्हटलं की 'रंग जास्त गडद आला' हेही हजर. तेव्हा इतका तुटका शब्द देऊ नका, 'जालालाय', 'जातोय' असे पूर्ण शब्द टेबलात टाका.

गावांचं टेबलही याच जातीचं. गुलबर्ग्याचं कलबुर्गी आणि विजापूरचं विजयपुर २०१४ मध्ये झालं, उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये. जुन्या बिलांवर जुनी नावं आहेत आणि बोलण्यात दोन्ही चालतात. प्रत्येक गावाला एक नंबर द्या आणि सगळी नावं त्याला बांधा. सणांचंही करून ठेवा: लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. मालक 'दिवाळीनंतर' म्हणतात, कॉम्प्युटरला तारीख लागते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला तेवढी अडचण नाही, ती संक्रांतीला धरून असते.

आता दोन्ही जोडा

तक्रारींच्या टेबलात एक आपोआप भरणारा रकाना करा, धुतलेल्या मजकुराच्या शब्दसूचीचा. आपोआप मोजले जाणारे रकाने १२ व्या आवृत्तीपासून आहेत, त्यामुळं नोंद बदलली की सूचीही तिथल्या तिथं बदलते. शिळी राहत नाही. धुलाईचं फंक्शन 'इम्युटेबल', म्हणजे तोच मजकूर दिला की नेहमी तेच उत्तर देणारं, म्हणून जाहीर करावं लागेल, नाहीतर हा रकाना तयारच होणार नाही. त्यावर जिन (GIN) प्रकारचा इंडेक्स, म्हणजे वर सांगितलेली शब्दांची खतावणी, घाला.

मालकांचा प्रश्न आता असा सुटतो. आधी लाल भाग: रंग गेल्याच्या तक्रारींचे नंबर. त्यावर निळी गाळणी: गाव कलबुर्गी, तारीख लक्ष्मीपूजनानंतरची. त्यातून पार्ट्यांची यादी काढा, प्रत्येक पार्टी एकदाच. आणि मग त्या यादीवरून येणं.

'प्रत्येक पार्टी एकदाच' या शब्दांकडं दुर्लक्ष करू नका. माझ्या पहिल्या मांडणीत एका पार्टीचं येणं १,२०,००० दिसलं. खरं येणं ४०,००० होतं. त्या पार्टीच्या तक्रारी तीन होत्या. मी तक्रारी थेट बिलांना जोडल्या, तेच बिल तीनदा आलं आणि बेरीज तिप्पट झाली. मालकांनी फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता. वयस्कर दिवाणजींनी तोंडी हिशेबावरून अडवलं, म्हणून वाचलो. तेव्हापासून रक्कम दाखवणारा प्रत्येक प्रश्न मी एका पार्टीपुरता टॅलीशी ताडून बघतो.

दुसरा सापळा सर्चच्या सवयीचा. सर्च पहिले दहा निकाल दाखवतो आणि आपण तेवढ्यावर खूश असतो. पण बेरीज पहिल्या दहांची करून चालत नाही, जुळणाऱ्या सगळ्यांची हवी. इलॅस्टिकसर्च तर ७ व्या आवृत्तीपासून एकूण निकालांची अचूक मोजणी मुद्दाम मागितल्याशिवाय १०,००० पर्यंतच करतो. म्हणून पडद्यावर दोन गोष्टी वेगळ्या दाखवा: वर एकूण किती जुळले आणि त्यांची बेरीज, खाली त्यातले जास्त जुळणारे वाचायला.

अर्थावरून शोधणारा एआयचा सर्च लगेच घ्यावा का, असं हल्ली सगळे विचारतात. पोस्टग्रेएसक्यूएलला पीजीव्हेक्टर नावाची जोड देऊन तो करता येतो, आणि शब्द वेगळे पण मतलब एक अशा तक्रारींना तो कामाचा आहे. पण तो नेहमी 'सगळ्यात जवळचं' काहीतरी देतो. 'असं काही नाही' म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. येण्याच्या प्रश्नाला असा स्वभाव परवडत नाही. शब्दांची टेबलं आधी पक्की करा, तो नंतर.

कुणाला काय दिसावं

वेगवेगळ्या फायलींत होतं तेव्हा माहिती आपोआप झाकलेली होती. खिडकी एक झाली की पॅकिंगच्या मुलालाही पार्टीचा रेट दिसू शकतो. पडद्यावर रकाना लपवून भागत नाही. सर्च त्या शब्दावर निकाल देतोच, आणि निकाल आला एवढ्यावरूनही माणूस ओळखतो. ओळीनिहाय परवानगी पोस्टग्रेएसक्यूएलमध्येच लावा, ती सोय २०१६ च्या ९.५ पासून आहे. फक्त लक्षात ठेवा की टेबलाच्या मालकाला ती अट मुद्दाम सक्तीची केल्याशिवाय लागू होत नाही, आणि सुपरयूजरला कधीच होत नाही. सर्चसाठी वेगळा, फक्त वाचणारा यूजर करा. कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स या खिडकीत आणूच नका.

चालू करण्यापूर्वी

वहीतले वीस प्रश्न काढा. दिवाणजी आणि तक्रारवाल्या ताई यांच्याकडून उत्तरं आधी कागदावर घ्या, मग खिडकीतून काढा. जिथं फरक पडेल तिथं दोघांपैकी कोण चुकलं ते शोधा. आमच्या वीसांत तीन वेळा कागद चुकला होता, पाच वेळा मी.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. ज्या सर्चला शून्य निकाल आले ते शब्द एका टेबलात साठवा आणि दर सोमवारी ताईंसोबत दहा मिनिटं वाचा. परवाच्या सोमवारी त्यात 'पंचा' सात वेळा होता. आमच्याकडं पंचे भरपूर आहेत. स्टॉकमध्ये ते 'बाथ टॉवेल पातळ' या नावानं पडून होते.